सात फासळ्या कमी

माझा हात मावशीच्या पाठीत गेला. पाठीवर नव्हे, पाठीत.

नरक चतुर्दशीची पहाट होती. मोरीत पाट मांडलेला, वाटीत कोमट तेल. आदल्या आठवड्यात तिचा उजवा हात मुरगळला होता, म्हणून नाइलाजानं ती मला म्हणाली होती, "पाठीक तेवढा तेल लाव गो. बघत बसा नको." मी तेल लावायला लागले. उजवी बाजू ठीक होती, म्हाताऱ्या माणसाची असते तशी, हाडं मोजता येतील अशी. डावीकडं हात सरकवला आणि तो थांबलाच नाही. जिथं हाड लागायला पाहिजे तिथं काहीच लागलं नाही. खांद्याच्या पात्याखाली माझा अख्खा तळवा आत बसला, मळलेल्या कणकेत बसावा तसा, आणि त्या खळग्याच्या तळाशी काहीतरी धडधडत होतं. पात्याच्या कडेनं खालपर्यंत एक लांब वण गेलेला, कातडीखालून सुतळी ओढल्यासारखा.

माझ्या हातातली वाटी पडली.

मावशीनं मान वळवली नाही. "सात," ती भिंतीकडं बघत म्हणाली. "सात फासळ्यो काढल्यानी. उजवीकडच्यो सगळ्यो आसत. ता तेल पुस आधी, नायतर घसारतलस."

"कुणी काढल्या?"

"डॉक्टरान. आनी कोण काढतलो, शेजारी?"

मी तेल पुसलं. उटणं लावायचं राहूनच गेलं. त्या दिवशी फराळाचं ताट पुढं घेऊन मी बसले होते आणि माझा तळवा मलाच वेगळा वाटत होता, कुठंतरी जाऊन आल्यासारखा.

मावशी माझी नात्यानं कुणी नव्हती. मी परभणीकडची. आई आजारी पडली तेव्हा सातवीतून शाळा सुटली, ती सुटलीच. एकविसाव्या वर्षी गावातल्या एका बाईच्या मागं मागं लालबागला मसाल्याच्या दुकानात कामाला आले. मिरचीची देठं खुडायची, धणे निवडायचे, मोठ्या कढईत सगळं भाजायचं आणि डंकावर कुटायला द्यायचं. राहायला जागा नव्हती. मालकीणबाई म्हणाल्या, मागच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर एक म्हातारी एकटी असते, तिला रात्रीची सोबत पाहिजे, बघ जमतं का. तुझं जमेल की नाही माहीत नाही, म्हणाल्या, आधीच्या दोघी पळाल्या.

मी का पळाले नाही, तर मला पळायला दुसरी जागा नव्हती. पण हेही खरं, की पहिल्याच दिवशी तिनं मला खाट दिली आणि स्वतः खाली झोपली. "माका डाव्या कुशीर झोपाचा असता, खाट करकरता," एवढंच कारण सांगितलं. माझ्या जन्मात मला कुणी खाट दिली नव्हती. मावशी जाऊन आता चार वर्षं झाली. तिची खोली तिच्या भाच्याकडं गेली, मी दोन गल्ल्या पलीकडं राहते, पण अजून खाटेवर पाठ टेकली की पहिल्यांदा ती आठवते.

ती ऐंशीच्या पुढची होती. बारीक, गोरी, आणि डावीकडं कललेली. चाळीतली पोरं तिला पाठीमागं तिरकी मावशी म्हणायची. पुढं म्हणायची हिंमत नव्हती, कारण तिच्या पुढं गेलं की पाढा म्हणावा लागायचा. हा तिचा कायदाच होता. जिना चढून जो कुणी तिच्या दारात येईल, त्यानं दम न खाता एक पाढा म्हणायचा. कुठला ते ती ठरवणार. पोस्टमन, वीजबिलवाला, निवडणुकीला मतं मागायला आलेली माणसं, कुणाची सुटका नव्हती. गॅसवाल्याला ती खोलीच्या आतून हिंदीत ओरडायची, "पहले सत्रह का बोलो, फिर सिलिंडर रखो." आणि तो बिचारा खांद्यावर सिलिंडर घेऊन सत्रह दूनी चौंतीस करायचा. मतं मागायला आलेल्या एका जाड्या पुढाऱ्याला तेराच्या पाढ्यात धाप लागली, तर ती म्हणाली, "तुमका मत नको, फोटो होयो. छातीचो काढून घेवा."

मला तिनं बारापासून सुरुवात केली. मी म्हणाले, मावशी, सातवीत शाळा सुटली, मला कुठून येणार. ती म्हणाली, "शाळा सुटली, तोंड सुटला नाय मा?" रोज कामावरून आले की दारात उभी राहून पाढा. वर्षाच्या आत मी एकोणीसपर्यंत गेले. शाळेत मास्तरांनी पट्टीनं मारून जे झालं नाही, ते तिनं जिन्यावर करून घेतलं. आता माझ्या हाताखाली चार बायका काम करतात आणि मालकीणबाई वजनाचा हिशेब तोंडी मला विचारतात, ते तिच्यामुळं.

ती स्वतःही पाढे पुटपुटायची, कामात असली की. एक गोष्ट माझ्या कानाला लागली. सोळाच्या पाढ्यात ती एक पायरी गाळायची. सोळा पाचे ऐंशी म्हणायची आणि थेट सोळा साते. मला वाटलं, वय झालंय, विसरत असेल.

बाकीच्या तिच्या तऱ्हा चाळीत सगळ्यांना पाठ होत्या. ती कुणाच्या तोंडाकडं बघून बोलायची नाही. तुमच्याशी बोलताना मान भिंतीकडं. नवीन माणसाला वाटायचं, भिंतीवर कुणाचा तरी फोटो आहे, त्याच्याशी बोलतेय. ती ब्लाउज शिवायची, आख्ख्या चाळीचे, पण कुणाच्या अंगाला टेप लावायची नाही. मापाला जुना ब्लाउज टाका आणि जावा. स्वतःच्या ब्लाउजला डाव्या खांद्यात कापसाची उशी शिवलेली असायची. पोरांना लिमलेटच्या गोळ्या द्यायची, त्या कागदातल्याच, बरणीतल्या सुट्या कधी नाही, आणि त्याही कठड्यावर ठेवायची, हातात द्यायची नाही. शेजारच्या वहिनींना नातू झाला, त्या हौसेनं तिच्या मांडीवर ठेवायला गेल्या, तर ही चटका बसल्यासारखी उठली. तेव्हापासून वहिनी म्हणायच्या, पोटी मूल नाही ना, माया कुठून येणार.

आणि तिचं ताट. तिचं ताट, वाटी, पेला वेगळ्या फळीवर असायचा. पेल्याला तळाशी लाल रंगाचा ठिपका. ते ती स्वतः घासायची, वेगळ्या राखेनं, वेगळ्या कोपऱ्यात. मी एकदा चुकून तिच्या पेल्यानं पाणी प्यायला गेले, तर तिनं माझ्या हातातून तो काढून घेतला, "त्येका हात लाव नको." आवाज असा होता की मी दोन दिवस घरात पाणीच प्यायले नाही, दुकानात पिऊन यायचे.

आमच्याकडं ताट वेगळं ठेवायचा एकच अर्थ असतो. तो मला लहानपणापासून माहीत होता, कुणी समजावून सांगावा लागला नव्हता. मी मनाला समजावलं, की म्हातारी जुन्या वळणाची आहे, खाट देतेय हेच खूप. पण राग होता. मी तिचे उपकार मानायचे आणि तिचं ताट बघितलं की तोंड कडू व्हायचं, दोन्ही एकाच वेळी.

दिवाळीनंतर ती थोडी थोडी बोलायला लागली. पाठ बघितलीस, आता लपवायचा काय, असं काहीसं तिचं झालं असावं. ब्लाउजला हूक लावता लावता सांगायची, भिंतीला.

तिचा बाप गिरणीत होता. खोकायचा. सगळेच खोकायचे. "कापूस उडता, खोकलो येतलोच, असा सगळे सांगत. कापसाचो खोकलो, कापसाचो खोकलो करीत बापूस गेलो. मगे माका लागलो. मी खय गिरणीत होतंय?" ती सोळा वर्षांची होती. लग्न ठरलेलं. मुलाकडच्यांनी निरोप पाठवला आणि विषय संपला. तिला क्षयाच्या हॉस्पिटलात ठेवलं.

"पयली हवा भरल्यानी. बगलेखाली सुई घालून. दोन बाटल्यो असत. एकीतला पाणी दुसरेत जाय, तसतशी हवा माझ्या छातीत. फुप्फुस मिटवून ठेवतत. छत्री मिटवतत तशी."

"कशाला पण?"

"त्येका इसावो होयो म्हणान. हात मोडलो की गळ्यात बांधून ठेवतत मा, तसा. रोग झालेला फुप्फुस हललाच नाय की भराक येता, असा त्येंचा म्हणणा."

दर पंधरा दिवसांनी पुन्हा सुई, कारण हवा मुरून जायची. त्या वॉर्डात बोलायचं नाही, हसायचं नाही, उठून बसायचं नाही. छातीवर वाळूची पिशवी. शेजारच्या खाटेवर एक मोठ्या घरची बाई होती, तिला सोन्याची इंजेक्शनं चालू होती. खरं सोनं, औषधात उतरवलेलं. "घरात माझ्या सोन्याचो मणी नाय आणि हय बायेक सोना टोचतत. माका काय हेवो वाटलो तेचो. मगे तिच्या आंगभर चट्टे उठले, तोंडात फोड इले, पाणी गिळूक येय ना. एक दिवस खाट रिकामी. सोना घेवन गेली."

मावशीचं फुप्फुस पूर्ण मिटेना. आतून छातीला चिकटलेलं होतं. मग डॉक्टर म्हणाले, छातीची भिंतच आत बसवू. फासळ्या काढल्या की भिंत आपोआप खाली बसते आणि फुप्फुस दाबून धरते, कायमचं. एका वेळी जमत नाही. तीन वेळा नेलं तिला. पहिल्यांदा तीन, मग दोन, मग दोन.

"भूल देत असतील की," मी म्हणाले.

"पाठीपुरती. जागीच होतंय. दुखला नाय." तिनं दातानं दोरा तोडला. "पण ऐकाक इला. पेरवाची फांदी मोडताना येता मा आवाज, तसो. नर्स म्हणाली, देवाचा नाव घे. माका देव आठवाना. पाढे आठवले. बारापासून धरलंय. सोळा सक म्हटलंय आणि तिसरी गेली."

मी उठून गॅलरीत गेले. खाली डंक चालू होते, धाड धाड, आणि मला त्या आवाजात दुसरंच ऐकू यायला लागलं.

"आनी गोळ्यो कधी इल्यो ठावक आसा?" ती आतून म्हणाली. "थोड्याच वर्सांनी. घरात बसून खावच्यो गोळ्यो. थांबलंय असतंय तर सात हाडां ऱ्हवली असती. नायतर मी ऱ्हवलंय नसतंय. कोणाक सांगूक येता?"

मार्चमध्ये मिरचीचा हंगाम लागला. तेव्हा आमच्या गल्लीत जो येतो तो खोकतो. गिऱ्हाईक खोकतं, हमाल खोकतो, रस्त्यानं जाणारी माणसं रुमाल लावून पळतात. आम्ही बायका खोकत खोकत हसतो. मीही खोकत होते. हंगामातला ठसका म्हणून कुणी लक्ष दिलं नाही, मीही नाही. संध्याकाळी अंग कोमट व्हायचं, ते कढईपुढं बसल्यामुळं. वजन उतरलं, ते उन्हाळ्यामुळं. सगळ्याला कारण होतं.

मेच्या सुरुवातीला एका संध्याकाळी मावशीनं दारात चौदाचा पाढा विचारला. मी सहाव्या पायरीवर अडकले.

"विसरले," मी म्हणाले. "शाळा सुटलेली ना."

"पाढो नाय विसारलस. दम विसारलस. खोक बघूया."

"मिरचीचा आहे ओ मावशी. सगळ्यांनाच आहे."

"मिरचेचो खोकलो गळ्यात असता. ह्यो खालसून येता." ती भिंतीकडं बघत होती, पण कान माझ्याकडं होता. "उद्या दवाखान्यात जावचा."

मला ते आधीच ठाऊक झालं होतं. आठ दिवसांपूर्वी ओढणीवर लाल बारीक रेघ आली होती. मी ती मिरचीच्या डागासारखी धुऊन टाकली होती. कारण एकच: दवाखाना म्हटला की मला ती पाठ दिसायची. माझ्या तळव्याला तो खळगा आठवायचा. मला कुणी सांगितलं असतं, की मरशील, तरी चाललं असतं. फासळ्या काढतील, आणि मी जागी असेन, आणि ऐकू येईल, हे मला चालणार नव्हतं. शिवाय मसाल्याच्या दुकानात क्षयाची बाई कोण ठेवणार, चाळीत कोण राहू देणार. गावी धाकट्या बहिणीचं जमत आलेलं. मोठीला हा रोग आहे कळलं की तिचंही मावशीसारखं होणार, निरोप येणार आणि विषय संपणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पिशवी भरली आणि ती मोरीत असताना जिना उतरले. गल्लीच्या तोंडाशी मिरचीची पोती लावलेली असतात, तिथं जाऊन बसले. पुढं कुठं जायचं, ते पिशवी भरताना सुचलं नव्हतं. कॉटन ग्रीनला गावाकडच्या त्या बाईची खोली होती, पण तिथं लहान पोरं होती तीन. मी पोत्याला टेकून बसून राहिले.

किती वेळानं कुणास ठाऊक, समोर मावशी उभी. वर्षभरात मी तिला चाळीच्या पायऱ्या उतरताना बघितलं नव्हतं. एका बाजूला कललेली, भिंतीला हात धरून, केस ओले. ओठ निळे पडलेले. ती काहीतरी बोलायला बघत होती आणि तिला श्वास पुरत नव्हता. दुकानातल्या बायका उठून आल्या, कुणी पाणी आणलं, ते तिनं हातानं बाजूला केलं.

"म्हण," ती मला म्हणाली. "सोळाचो."

"मावशी, राहू द्या."

"म्हण."

मी म्हणाले. सोळा चोक चौसष्टला खोकला आला आणि थांबेना. तो थांबेपर्यंत ती उभी राहिली. मग तिनं सुरुवात केली. एकेका पायरीला श्वास घेत, पोत्यावर हात टेकून. सोळा पाचे ऐंशी. तिथं ती थांबली. मी वाट बघत होते, की आता साते म्हणेल.

"सोळा सक शहाण्णव," मावशी म्हणाली.

तिच्या कपाळावर घाम आला होता. "बघ. म्हटलंय. आता फासळ्यो काढनत नाय. पोलिओचो डोस देवक येता त्या नर्स चेडवाक मी दोनदा इचारलंय. गोळ्यो देतत. तू चल."

तिला पुन्हा तीन मजले चढवणं माझ्यानं झालं नसतं, म्हणून आम्ही तशाच टॅक्सीनं महापालिकेच्या दवाखान्यात गेलो. माझी थुंकी तपासली, फोटो काढला. क्षयच निघाला. डॉक्टरीणबाई माझ्याहून चार-पाच वर्षांनीच मोठ्या असतील. सहा महिने गोळ्या, म्हणाल्या, एक दिवस चुकवायचा नाही, सुरुवातीला तोंडाला रुमाल, खिडकी उघडी. मी विचारलं, फासळ्या? त्यांना कळेना. मी मावशीकडं बोट केलं.

त्यांनी मावशीला पडद्याआड नेलं. बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा माझ्यासारखा झाला होता, दिवाळीच्या पहाटे झाला असेल तसा. त्यांनी आणखी दोन डॉक्टर बोलावले. "हे आम्ही फक्त पुस्तकात वाचलंय, आजी," त्या म्हणाल्या. "त्या काळी काही ठिकाणी फुप्फुस दाबून ठेवायला छातीत मेण भरायचे. प्लास्टिकचे छोटे चेंडूसुद्धा."

"मगे माझा स्वस्तात सुटला," मावशी म्हणाली. ती फळ्याकडं बघून बोलत होती.

"आजी, माझ्याकडं बघून बोला ना."

"नको. तोंडार बोलाचा नाय."

"कुणी सांगितलं?"

"डॉक्टरान. डिस्चार्ज देताना." आणि मग मावशीनं पाढ्यासारखं सगळं म्हणून दाखवलं. कुणाच्या तोंडावर बोलायचं नाही. कुणाला चिकटून बसायचं नाही. पोरं मांडीवर घ्यायची नाहीत. डाव्या कुशीवर झोपायचं, छाती दाबली जाईल अशी. ताट, वाटी, पेला वेगळा, खूण करून ठेवायचा, कुणाला लावू द्यायचा नाही.

माझ्या हातातला गोळ्यांचा पुडा मी घट्ट धरला. ते ताट. वर्षभर मी ज्या ताटाकडं बघून तोंड कडू करत होते, ते माझ्यापासून जपलेलं नव्हतं. माझ्यासाठी जपलेलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग हळू म्हणाल्या, "किती दिवस असं करायचं, ते सांगितलं होतं का?"

"नाय."

"पुन्हा दाखवायला बोलावलं असेल. तेव्हा?"

"दोन वर्सां बोलावल्यानी. रोग नाय म्हणाले. ताटाचा मी इचारूक नाय, त्येनी सांगूक नाय. मगे माका कोणी बोलवकच नाय."

पासष्ट वर्षं. तिनं पासष्ट वर्षं एका डॉक्टरचं ऐकलं होतं. तो डॉक्टर मरून गेला असेल, ते हॉस्पिटल बदललं, औषधं बदलली, आणि लालबागच्या तिसऱ्या मजल्यावर एक बाई रोज आपला पेला वेगळ्या राखेनं घासत होती, कारण थांब असं तिला कुणी म्हणालं नव्हतं.

त्यांनी तिचीही थुंकी तपासली, फोटो काढला. आठवड्यानं सांगितलं, आजी, तुम्हाला काही नाही. कधीच्याच बऱ्या झालात तुम्ही. भांडी वेगळी ठेवायची तर गरजच नाही, ताटातून हा रोग जात नाही. मावशीनं ऐकून घेतलं. घरी आली आणि आपलं ताट वेगळ्या फळीवरच ठेवलं. मालकीणबाईंना तिनंच निरोप धाडून खरं ते कळवलं. त्या घाबरल्या, पण म्हणाल्या, तपासणी चांगली आली की कागद दाखव आणि ये, माझीही आत्या ह्यानंच गेली होती. गावी मी काही कळवलं नाही.

गोळ्यांनी माझी लघवी केशरी झाली, पोटात ढवळायचं, भात बघून उलटी यायची. दोन महिन्यांनी खोकला गेला. थुंकीत काही सापडेना. वजन वाढलं, दुकानात परत घेतलं. आणि मी गोळ्यांना कंटाळले. बरी झाले की मी. एक दिवस गोळ्या तळहातावर घेऊन बसले आणि म्हणाले, आज नको, उद्यापासून.

"घे," मावशी म्हणाली.

"मला डॉक्टरांनी सांगितलं ते मी ऐकायचं. तुम्हाला डॉक्टरांनी सांगितलं, रोग नाही, ताट एकत्र करा, ते तुम्ही ऐकलंत का?" मी रागानं बोलले. ढवळत होतं, त्याचा राग. "तुम्ही माझ्या ताटातला घास घ्या. मग मी घेते."

ती घेणार नाही, हे मला माहीत होतं. म्हणूनच बोलले होते.

माझ्या ताटात भाकरी होती आणि सुक्या जवळ्याची चटणी. तिचा हात दोनदा पुढं आला आणि मागं गेला. ओठ हलत होते. मी कान दिला, तर सोळाचा पाढा चालला होता. मग तिनं भाकरीचा तुकडा मोडला, चटणीला लावला आणि तोंडात टाकला. चावता चावता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिनं ते पुसलंही नाही, हात उष्टा होता ना. "तिखाट केलंस," एवढंच म्हणाली.

मी गोळ्या गिळल्या.

तेव्हापासून तोच करार झाला. रोज माझी गोळी, तिचा घास. मी चुकवायला बघितलं की ती ताटाजवळ सरकून बसायची. तिनं चुकवायला बघितलं की मी गोळ्या डबीत परत टाकायचे. तिनं घास घेताना भिंतीकडं बघणं कधी सोडलं, ते माझ्या लक्षातच आलं नाही. एक दिवस वर बघितलं तर ती माझ्याकडं बघत होती आणि मला कळलं, मावशीचे डोळे घारे आहेत.

वहिनींच्या नातवाला मात्र तिनं शेवटपर्यंत घेतलं नाही. मी एकदा म्हणाले, आता घ्या की. ती म्हणाली, "माझ्या मांडयेक सवय नाय गो. पडात ता."

नोव्हेंबरात माझ्या गोळ्या संपल्या. शेवटच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी पुन्हा फोटो काढला, कागदावर सही केली आणि हसून म्हणाल्या, सुटलात. घरी येऊन मी दारात उभी राहून एकोणीसचा पाढा म्हणाले, न थांबता. मावशीनं मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सवयीनं मी दोन ताटं वाढली. माझं माझ्यापुढं, तिचं तिच्यापुढं, लाल ठिपक्याचा पेला भरून बाजूला. आणि जेवायला लागले. चार घास खाल्ले असतील. मावशीच्या ताटाला हात लागला नव्हता.

"काय झालं मावशी, बरं नाही का?"

ती माझ्या ताटाकडं बघत होती.

"गोळी संपली," ती म्हणाली, "म्हणान घास पण संपलो काय?"